पाचवीतून पहिलीत

"कुठं गेला?" साळोखे सरांनी विचारलं.

"दहात," मी म्हणाले. "जरा उजवीकडं."

सरांनी दुर्बिणीला डोळा लावला. समोरच्या कागदावरचं काळं वर्तुळ माझ्या जागेवरून रुपयाएवढंच दिसायचं. छर्रा त्यात कुठे लागला ते साध्या डोळ्यांना कळायचं नाही, आणि ते बघायच्या आधीच सांगायचं असा सरांचा नियम होता. मी सांगितलं तसंच असणार याची मला खात्री होती. त्या महिन्यात माझं सांगणं क्वचितच चुकलं होतं.

सर नेहमीसारखं "हं" म्हणाले नाहीत. दुर्बिणीवरून डोळा काढून ते थोडा वेळ जमिनीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "पिस्तूल खाली ठेव, पद्मजा."

मी ठेवलं.

"बोट हिसकतंय तुझं."

"दहातच गेला की सर."

"गेला. नशिबानं गेला. छर्रा सुटायच्या आधी बोट झटका द्यायलंय. तुला कळंना झालंय, एवढंच."

पलीकडच्या गल्लीत मागांची खटखट चालू होती. इचलकरंजीत ती कधी थांबतच नाही, त्यामुळे एरवी ती ऐकूही येत नाही. त्या दिवशी मात्र मला प्रत्येक ठोका ऐकू यायला लागला.

"मग काय करू?"

"उद्यापासून पहिली."

"कितवी?"

"पहिलीच. रिकामं पिस्तूल, पांढरी भिंत. छर्ऱ्याला हात लावायचा न्हाई."

मी पाचवीत होते.

सरांच्या या इयत्ता शाळेतल्या इयत्तांसारख्या नव्हत्या. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते गावी आले, आणि बिरनाळ्यांच्या बंद पडलेल्या सायझिंगच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी सुताला खळ लावायचे तिथे, त्यांनी नेमबाजीचा क्लब काढला. येईल त्याला ते पहिलीत बसवायचे. पहिलीत नुसतं उभं राहायचं. अंग आडवं, डावा हात कमरेच्या पट्ट्यात, उजव्या हातात रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत. हात थरथरला तर थरथरू द्यायचा, पण कुठे थरथरतो ते ओळखायचं. दुसरीत ट्रिगर. सर पिस्तुलाच्या नळीवर एक नाणं ठेवायचे आणि ते न पाडता ट्रिगर दाबायला लावायचे. तिसरीत पहिल्यांदा छर्रा मिळायचा, पण कागद उलटा लावलेला. त्यावर वर्तुळ नाही, गुण नाहीत. "कुठं लागला ते इचारू नका," सर म्हणायचे, "एकमेकांच्या शेजारी लागले का तेवढं बघा." चौथीत कागद सुलटा व्हायचा. बहुतेक पोरं चौथीला पोचली की खूश व्हायची आणि तिथेच राहायची.

पाचवीत नेम संपायचा आणि दुसरंच काही सुरू व्हायचं. मारून झाल्यावर, बघायच्या आधी, छर्रा कुठे गेला ते सांगायचं. सुरुवातीला मी ठोकून द्यायची. मग हळूहळू हाताकडून निरोप यायला लागला. छर्रा सुटला त्या क्षणी मनगट काय म्हणालं, बोट काय म्हणालं, ते ऐकू यायला लागलं. "हे आलं की मी तुझ्या शेजारी नसलो तरी चालतंय," सर एकदा म्हणाले होते. त्यांनी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. पुढची सहावी म्हणजे सामना, वेळ लावून, परक्यांच्यात.

आमच्या घरी हे सगळं जड गेलं होतं. आम्ही जैन. सूर्यास्तापूर्वी जेवणारं घर, आणि पोरगी पिस्तूल चालवते म्हटल्यावर मावश्या येऊन आईला बोलून गेल्या. आईने एकदाच विचारलं, "छर्रा कागदालाच लागतो ना?" मी हो म्हटलं आणि तिने विषय संपवला. वडील, गावाचे मगदूम मास्तर आणि आमचे दादा, नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना नेमबाजीतलं काही कळत नव्हतं, पण साळोखे सरांची शिकवण्याची रीत त्यांना आवडायची.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन सांगितलं, की मला पहिलीत घातलंय. वडील पोरांची चित्रं तपासत बसले होते.

"काय चुकतंय म्हणाले?"

"बोट हिसकतं म्हणाले. पण मला तसं वाटत नाही, दादा."

"तुला कसं वाटेल? स्वतःची रेघ वाकडी गेलेली पोरांना कधी दिसते का?" ते म्हणाले. "सांगणारा माणूस मिळाला हे तुझं भाग्य. सांगतात तसं कर."

मी तसं केलं.

गणपती होऊन गेले होते. महिनाअखेरीला जिल्ह्यातून मुलींपैकी एकच नाव राज्याच्या निवड चाचणीला जायचं होतं, आणि ते साळोखे सर सुचवणार होते. क्लबात पाचवीत मुली दोनच. मी आणि मृदुला बिरनाळे. शेड तिच्या वडिलांची, आण्णासाहेबांची. पण आमच्यात ते कधी आलं नाही. आम्ही शाळेपासून एका बाकावर बसलेल्या. तिच्या डब्यातलं लोणचं माझं, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिची. मृदुला चांगली मारायची, पण छर्रा कुठे गेला ते तिला सांगता यायचं नाही. "दहात," असं ठासून सांगायची आणि आठ निघाला की स्वतःच हसत सुटायची.

नाव मृदुलाचं गेलं. ते सांगायला ती माझ्या घरी आली तेव्हा तिला हसू येत नव्हतं.

"तुझंच जायला पाहिजे होतं, पद्मे."

"माझं बोट हिसकतंय."

"मला तर कधी दिसलं नाही."

"सरांना दिसलं की."

तिने पायांत चपला सरकवल्या आणि ती निघाली.

मी भिंतीसमोर उभी राहायला लागले. रोज. बाकीची पोरं शेजारी फटाफट छर्रे सोडत असायची आणि मी कोपऱ्यात चुना लावलेल्या भिंतीकडे पिस्तूल रोखून, पहिलीत नसलं तरी, बोट दाबायची आणि त्या बोटाकडे बघायची. आधी काहीच सापडेना. मग मी आणखी बारकाईने बघायला लागले. बोट कधी वळतं, किती वळतं, कुठल्या पेरातून वळतं. ज्या गोष्टी आजवर हात आपला आपणच करत आला होता, त्या मी एकेक करून हातातून काढून घेत होते आणि तपासत होते. दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी मी आपणहूनच नळीवर दुसरीतलं नाणं ठेवून बघितलं, आणि ते खणकन खाली पडलं.

मी पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं.

मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. इतके दिवस सर बरोबर असतील की मी, हा विचार पोखरत होता, तो एकदाचा थांबला. मी जवळजवळ पळतच त्यांच्याकडे गेले.

"सर, सापडलं. खरंच हिसकतंय. आज कळलं मला."

सर एका पोराचं पिस्तूल पुसत होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "असं?" आणि थोड्या वेळाने, "जरा पाणी आण गं."

मी पाणी आणून दिलं. शिष्याला आपली चूक उमगली की गुरूला समाधान होतं, तसं ते असावं असं मी धरून चालले.

मृदुला त्या वर्षी चाचणीत मधेच कुठेतरी राहिली. पण आण्णासाहेब जाऊन बघून आले होते आणि त्यांना मुलीचा अभिमान वाटला. शेडला नवे पत्रे बसले. दिवे बसले. पोरं वाढली. सरांनी मला दुसरीत घेतलं, तिसरीत घेतलं, आणि वर्ष संपता संपता पाचवीत आणून बसवलं. मी पुन्हा कागदावर मारत होते, गुणही बरे पडत होते, पण प्रत्येक वेळी बोट दाबण्याआधी मी त्याची वाट बघायची. आता हिसकेल, आता हिसकेल. कधी हिसकायचं, कधी नाही.

पुढच्या वर्षी जिल्ह्यातून दोन नावं जायची होती. मृदुला आणि मी, दोघी पुण्याला गेलो. आण्णासाहेबांची जीप, चालवायला ते स्वतः, शेजारी सर, मागे आम्ही दोघी. मृदुला वाटभर बोलत होती.

माझी पाळी सकाळची होती. मृदुलाची त्यानंतर.

रेंज मोठी, गार आणि गप्प होती. आमच्या शेडसारखी खटखट नाही. शेजारच्या मुलीने श्वास सोडलेला ऐकू यायचा. पहिले काही छर्रे ठीक गेले. मग मी हात उचलला, नेम धरला, आणि बोट दाबलंच जाईना. हात खाली घेतला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मी बोटाला सांगत होते आणि बोट ऐकत नव्हतं. शेवटी ते दाबलं गेलं ते एकदम, दाराची कडी निसटावी तसं, आणि छर्रा कागदाच्या कडेला जाऊन बसला. मागे बसलेल्या लोकांमधून कुणीतरी च्‌ च्‌ केलं.

त्यानंतर मी हात उचलायची आणि खाली घ्यायची. उचलायची आणि खाली घ्यायची. घड्याळ पळत होतं.

खेळाडूला मधे मागे येऊन प्रशिक्षकाशी बोलता येतं. सरांनी मला खुणेने बोलावलं. पिस्तूल ठेवून मी मागच्या बाकापाशी गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"पद्मजा, ऐक. तुझं बोट कधीच हिसकत नव्हतं."

मला वाटलं, ते मला धीर देतायत.

"खरं सांगालोय. मी खोटं बोललो तुला. त्या दिवशी दहात गेला तो बरोबर गेला होता. तू म्हणालीस तिथंच गेला होता."

"का?" मी विचारलं.

सरांनी आजूबाजूला बघितलं. अगदी हळू आवाजात, भराभर सांगितलं. "आण्णासाहेबांनी बोलावून घेतलं होतं. म्हणाले, पोरीचं नाव जाणार नसंल तर शेड मोकळी करा, मला माग टाकायचेत. एवढी पोरं शिकालती. कुठं घेऊन गेलो असतो त्यांस्नी? आणि तू पुढं असताना तिचं नाव घालायचं तर लोक इचारणार, मगदूम मास्तरांची पोरगी का न्हाई. काहीतरी कारण पाहिजे होतं."

"मला तर सांगायचं होतं. मी गप्प बसले असते."

"तू बसली असतीस. तुझे वडील बसले असते?" ते म्हणाले. "मला वाटलं दोन-तीन आठवडं. नाव एकदा गेलं की तुला परत वर घेतो. पण तूच येऊन सांगितलंस, सापडलं म्हणून."

"तेव्हा सांगायचं."

"तवा सांगितलं असतं, तर परत माझ्यावर इश्वास ठेवला असतास काय तू?"

माझा हात अजून त्यांच्या हातांत होता.

"जा आता," ते म्हणाले. "मोकळ्या मनानं मार. काही न्हाई तुझ्या हातात. पहिल्यापास्नं काही नव्हतं."

त्यांना खरंच वाटत होतं, की एवढं सांगितलं म्हणजे मी सुटले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी जागेवर जाऊन पिस्तूल उचललं. दोष होता तोवर निदान एक काम तरी होतं, तो शोधायचा, तो काढायचा. आता काढायलाही काही उरलं नव्हतं. मी नेम धरला. बोट हिसकलं. छर्रा गेला आणि सवयीने मी स्वतःला विचारलं, कुठे गेला? काही कळेना. हाताकडून काहीच आलं नाही. ज्या हाताने मला कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्याचं ऐकायचं मी एका माणसाच्या शब्दावर सोडून दिलं होतं, आणि आता तो बोलत नव्हता.

मी उरलेले छर्रे मारत राहिले. सगळे मारून व्हायच्या आत वेळ संपल्याची शिट्टी झाली.

बाहेर पायऱ्यांवर मृदुला केळं सोलत बसली होती. मला बघून तिने ते तसंच ठेवलं. गुण तिला कळले होते. तिने सरकून मला जागा करून दिली. मग ती म्हणाली, "पद्मे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"सर दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नाहीत. त्यांना माझ्यात काहीतरी दिसलंय आणि सामना आहे म्हणून सांगत नाहीत, असं वाटतंय. तुझ्यासारखंच काही असलं तर?" तिने उजवा हात समोर लांब केला, मोकळाच, आणि हवेतल्या हवेत बोट दाबून दाखवलं. "तू बघ ना. तुझ्याइतकं ते कुणाला कळणार?"

मी बघितलं. बोट हळू, सरळ, एकसारखं मागे येत होतं. सरांनी शिकवलं होतं तसं.

सर दरवाज्यात उभे होते. हातात थर्मास. तिचा लांब केलेला हात आणि त्यावर वाकलेली मी, एवढं बघून त्यांना काय चाललंय ते कळलं. ते जागचे हलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाला मी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या क्षणी बघितलं.

'जरा हिसकतंय' एवढंच म्हणायचं होतं. आवाजही चढवायला लागला नसता. मैत्रिणीच्या काळजीने म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते शब्द माणसाचं काय करतात, हे त्या आवारात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते माझ्या तोंडात आले होते. मृदुलाने काय केलं होतं माझं? काही नाही. तिला शेडचं काही ठाऊकही नव्हतं. तरी ते शब्द आले होते.

मी सरांना तसंच उभं राहू दिलं. मृदुलाला पुन्हा एकदा बोट दाबायला सांगितलं. तिने दाबलं.

"काही नाही," मी म्हणाले. "ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की. जा, मार."

त्या दुपारी ती तोपर्यंतच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं खेळली. राज्याच्या संघात तिची निवड झाली. परतीच्या वाटेवर साताऱ्याला आण्णासाहेबांच्या सांगण्यावरून कंदी पेढे घेतले. मृदुलाने पहिला सरांना दिला, दुसरा मला. सरांनी तो हातातच धरून ठेवला. पेठनाक्यापर्यंत तो त्यांच्या हातात मी मागून बघत होते.

मी पुन्हा शेडवर गेले नाही. घरी अभ्यासाचं कारण सांगितलं. मृदुलाला पुढे रेल्वेत नोकरी लागली. तिच्या मुलाखती छापून येतात, त्यांत ती माझं नाव घेते. शेड अजून आहे, तिथून चांगली पोरं बाहेर पडतात, त्यातली काही देशासाठी खेळून आली. म्हणजे सर म्हणत होते ते त्यांच्या परीने खरं ठरलं. मी औषधाच्या दुकानात बसते. दुकान माझं स्वतःचं आहे. माझं काही वाईट चाललेलं नाही.

मी जायचं बंद केल्यावर महिन्याभराने सर एकदा आमच्या घरी आले होते. पांढरा सदरा, टोपी. वडिलांनी त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. आईने चहा ठेवला. मी दाराला टेकून उभी राहिले. वडिलांनी क्लबची चौकशी केली, मृदुलाचं कौतुक केलं. मग त्यांनी विचारलं, बिचकत, आपल्या मुलीची बाजू घेतोय असं वाटू नये म्हणून जरा हसत.

"सर, एक विचारू का? पद्मजाचा तो दोष... शेवटी गेलाच नाही का हो?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघत होते. मी काही खूण केली नाही. बोला म्हणून नाही, बोलू नका म्हणूनही नाही. मला फक्त ऐकायचं होतं.

त्यांनी कप बशीत ठेवला.

"न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "न्हाई गेला."

आणि आता ते खरं होतं.

सर निघाले तेव्हा वडील त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले झाले होते. "प्रामाणिक माणूस," ते आईला म्हणाले. "दुसऱ्या कुणी खोटी आशा लावून ठेवली असती."

मी कप उचलले आणि आत नेऊन विसळले.